ट्रेलरची वीज गाडीत उलटी शिरते तेव्हा

पिकअपच्या मागे राहायचा ट्रेलर जोडून हिंडायची हौस अमेरिकेत मोठी. तिकडे स्थायिक झालेली मराठी मंडळीही सुट्टीत असा ट्रेलर भाड्याने घेतात. आत दिवे, पाण्याचा पंप, फ्रीज; त्यासाठी १२ व्होल्टची स्वतंत्र बॅटरी. प्रवासात ती चार्ज व्हावी म्हणून गाडीच्या सात पिनांच्या सॉकेटमधून एक तार मागे जाते. भानगड सगळी त्या तारेची.

तारेला दिशा नसते. एका पाइपने जोडलेल्या दोन टाक्यांत पाणी जसं वरच्या पातळीकडून खालच्या पातळीकडे जातं, तसा करंट जास्त व्होल्टेजकडून कमीकडे जातो. इंजिन चालू असताना अल्टरनेटर, म्हणजे इंजिनावर फिरणारं गाडीचं जनित्र, साधारण १४ व्होल्ट देतो, म्हणून वीज मागे ट्रेलरकडे जाते. इंजिन बंद झालं की गाडीची भरलेली लेड-अ‍ॅसिड बॅटरी १२.६ वर येते. ट्रेलरच्या छतावर सोलर पॅनल असेल तर तिकडे १३-१४ व्होल्ट असतात, आणि प्रवाह उलटतो.

खरा दणका बसतो सेल्फ मारताना. स्टार्टर शेकडो अँपियर ओढतो आणि गाडीचा व्होल्टेज क्षणभर १० पर्यंत कोसळतो. मागची बॅटरी १३ वर असेल तर फरक ३ व्होल्टचा. जाऊन-येऊन तारेचा रोध ०.०६ ओहम धरला तर ५० अँपियर उलटे धावतात, आणि त्या वाटेवरचा फ्यूज बहुतेकदा ३० अँपियरचा. एकदा-दोनदा निभावतं, इंजिन लवकर पकडत नसेल तर फ्यूज उडतो. नंतर ट्रेलरची बॅटरी चार्ज का होत नाही, हे शोधण्यात सुट्टी जाते.

जुना उपाय म्हणजे डायोड. तो एकाच दिशेने वाट देतो, पण त्याचा मोबदला घेतो: सिलिकॉन डायोडवर सुमारे ०.७ व्होल्ट पडतात. २० अँपियरला १४ वॅट नुसती उष्णता, आणि १४ चे १३.३ झाल्यावर लेड-अ‍ॅसिड बॅटरी कधीच पूर्ण भरत नाही. चावीबरोबर चालू-बंद होणारा रिले, म्हणजे विजेने चालणारा स्विच, त्यापेक्षा बरा, फक्त सेल्फ मारताना तो सुटलेला राहील अशी जोडणी हवी.

मग व्होल्टेज बघून आपोआप जुळणारा रिले आला. साधारण १३.३ व्होल्ट दिसले की ‘इंजिन चालू आहे’ असं समजून तो जुळतो, १२.८ च्या खाली गेलं की सुटतो. लेड-अ‍ॅसिडच्या जमान्यात हा हिशेब चोख होता. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीने तो बिघडवला. तिच्यात प्रत्येकी सुमारे ३.३ व्होल्टचे चार सेल ओळीने जोडलेले, म्हणजे नुसती पडून असतानाही ती १३.२ वर. इंजिन बंद केलं तरी रिलेला १३.२ दिसतात आणि तो चिकटून राहतो. लिथियम १२.८ पर्यंत उतरते तेव्हा ती जवळजवळ रिकामी झालेली असते! तोवर दोन्ही बॅटऱ्या जोडलेल्याच, आणि सकाळचा सेल्फ पुन्हा त्याच तारेतून. लिथियम बसवून जुना रिले तसाच ठेवणं म्हणजे कुलूप बदलून किल्ली जुनीच वापरणं.

आज लिथियमसाठी माझ्या मते डीसी-टू-डीसी चार्जरच घ्यावा. तो गाडीकडून येतील ते व्होल्ट घेऊन मागे १४.४ वगैरे तयार करून देतो, आणि साधारणपणे एकाच दिशेने चालतो. नव्या गाड्यांचा अल्टरनेटर इंधन वाचवायला व्होल्टेज मुद्दाम उतरवतो, तिथेही तो काम करतो. करंटही २० किंवा ३० अँपियरवर बांधलेला असतो, त्यामुळे तार तापत नाही. मात्र त्याला चावीचा सिग्नल द्यावा, नाहीतर इंजिन बंद असताना तो गाडीचीच बॅटरी ओढत बसेल.

आपल्या ट्रेलरचं काय चाललंय ते पाहायला डीसी मोजणारा क्लॅम्प मीटर, म्हणजे तार न तोडता तिच्याभोवती चिमट्यासारखा लावायचा मीटर, पुरतो. प्लग जोडलेला, इंजिन बंद. चार्जिंगच्या तारेभोवती जबडा लावायचा. कुठल्याही दिशेने अँपियर दिसले तर दोन्ही बॅटऱ्या अजून जोडलेल्या आहेत, आणि उणे-अधिक चिन्हावरून कोण कोणाला देतंय तेही कळतं.

उलट्या विजेची आणखी एक वाट आहे. ट्रेलर गाडीपासून सुटला तर त्याचे ब्रेक आपोआप लागावेत म्हणून एक सुरक्षा स्विच असतो. त्याची पिन ओढली की ट्रेलरची बॅटरी थेट ब्रेकला जोडली जाते. तो तपासताना सात पिनांचा प्लग आधी काढावा. तसाच ठेवला तर तेच १२ व्होल्ट ब्रेकच्या तारेतून पुढे जाऊन गाडीतला, ट्रेलरचे विजेचे ब्रेक चालवणारा ब्रेक कंट्रोलर जाळू शकतात.