उणे २६९ अंशांवर उभा राहिलेला धंदा

१९५० च्या दशकात ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या क्लॅरेंडन प्रयोगशाळेत शक्तिशाली चुंबक चालवायचा तर दोन मेगावॅटचं जनित्र लागे. तांब्याच्या वेटोळ्यात ही वीज जवळजवळ सगळी उष्णता होऊन संपे आणि थंड करणाऱ्या पाण्याबरोबर वाहून जाई. १९५५ साली ही यंत्रणा सांभाळायला आले मार्टिन वूड, मूळचे कोळसा खाणीतले अभियंते.

या प्रयोगशाळेत अतिशीत तापमानावर संशोधन चाले. मग थंडीच्या प्रयोगशाळेला चुंबक कशाला? कारण चुंबकानंच थंडी करता येते. काही क्षारांतले अणुचुंबक आधी क्षेत्रात रांगेत उभे करायचे, मग क्षेत्र काढून घ्यायचं. रांग विस्कटताना क्षार आणखी गार होतो. नाझी जर्मनीतून आलेले फ्रान्सिस सायमन आणि निकोलस कुर्टी याच कामात मुरलेले होते.

इतर प्रयोगशाळांनाही असे चुंबक हवे होते. म्हणून १९५९ साली मार्टिन आणि ऑड्री वूड या दांपत्यानं घरामागच्या बागेतल्या शेडमध्ये ‘ऑक्सफर्ड इन्स्ट्रुमेंट्स’ सुरू केली. पुढे नायोबियमयुक्त अतिवाहक तारा आल्या. उणे २६९ अंश सेल्सिअसच्या द्रव हेलियममध्ये त्यांच्यातून वीज विनारोध वाहते, म्हणजे ते अवाढव्य जनित्र नकोच. १९६२ साली कंपनीनं असा चुंबक बनवला.

ऐकायला सोपं आहे. पण वेटोळ्यातली तार केसभर सरकली, तरी घर्षणानं तिथला तुकडा तापतो, अतिवाहकता गमावतो, मग शेजारचा तापतो. काही सेकंदांत चुंबकातली सगळी ऊर्जा उष्णतेत बदलते आणि हेलियम फसफसून पांढऱ्या ढगासारखा बाहेर पडतो. याला ‘क्वेंच’ म्हणतात. तार किती ताणून गुंडाळायची, दोन टोकं रोध न येता कशी जोडायची, ही जाण शोधनिबंधात पुरती उतरत नाही. ती हातात असते, आणि माझ्या मते उद्योग वसतो तो अशा हातांभोवती. नोकरी बदलली तरी माणसं सहसा गाव सोडत नाहीत.

एमआरआय आलं तेव्हा हे हात तयारच होते. माणूस आत मावेल एवढे अतिवाहक चुंबक ऑक्सफर्डजवळच बनू लागले. १९८३ साली कंपनी लंडनच्या शेअर बाजारात उतरली. दोनच वर्षांनी वूड दांपत्यानं ‘ऑक्सफर्ड ट्रस्ट’ काढून नव्या तंत्रज्ञान कंपन्यांना जागा द्यायला सुरुवात केली. बहुधा शेडमधली अडचण विसरली नसावी.

शहराबाहेरच्या आयन्शममध्ये सीमेन्सच्या कारखान्यात अनेक वर्षं एमआरआयचे चुंबक गुंडाळले जात आले आहेत.