आरशासमोरचा कॅमेरा: फिल्मवरील स्वचित्राची पार्श्वभूमी

स्वतःचे छायाचित्र स्वतःच काढण्याची धडपड छायाचित्रणाइतकीच जुनी आहे. १८३९ मध्ये फिलाडेल्फियात रॉबर्ट कॉर्नेलियस याने असे छायाचित्र घेतले, पण आरशाविना. ही कला मुंबईतही लवकर रुजली. १८५४ मध्ये येथे स्थापन झालेल्या फोटोग्राफिक सोसायटीच्या सभासदांत भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी होते आणि १८५५ मध्ये एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये छायाचित्रणाचा वर्ग निघाला. तथापि, रसायन लावलेली काच ओली असतानाच तिच्यावर चित्र घेऊन ते धुवावे लागे, त्यामुळे सगळा खटाटोप तिपाई आणि मदतनीस यांच्यावर अवलंबून असे.

हातात धरता येणारे फिल्मच्या रोलचे कॅमेरे आले, तेव्हा आरशाचा मार्ग सर्वांना मोकळा झाला. १९०० मधील कोडॅक ब्राउनीची किंमत अवघी एक डॉलर होती. १९१४ मध्ये रशियाची तेरा वर्षांची राजकन्या अनास्तासिया हिने आरशात पाहून आपले छायाचित्र घेतले. १९३१ मध्ये पॅरिसला छायाचित्रकार इल्से बिंग यांनी लायका हा लहान कॅमेरा आणि दोन आरसे वापरून समोरचा आणि बाजूचा चेहरा एकाच चौकटीत आणला.

मुंबईतल्या लहान खोलीत हे काम बहुधा कपाटाच्या दारावरील आरशासमोर होते, आणि तेथे खरी कसोटी अंतराची असते. आरशापासून एक मीटरवर उभे राहिल्यास प्रतिबिंब आरशामागे आणखी एक मीटरवर असते; म्हणून फोकस दोन मीटरवर ठेवावा लागतो, अन्यथा काचेवरची धूळ स्पष्ट आणि चेहरा धूसर येतो. समोरून मारलेला फ्लॅश परतून भिंगात शिरतो, त्यामुळे खिडकीचा उजेडच भरवशाचा. छातीशी धरून वरून पाहायचा दोन भिंगांचा (ट्विन लेन्स) कॅमेरा चेहरा झाकत नाही, ही त्याची मोठी सोय. स्टुडिओत मान किती वळवायची हे छायाचित्रकार ठरवी. येथे तो निर्णय स्वतःचा असतो, आणि या प्रकाराचे मोल मला त्यातच वाटते.

आरशामुळे चित्र उलटे, म्हणजे डाव्याचे उजवे होऊन येते, कॅमेऱ्यावरची अक्षरेही उलटी दिसतात. सुरुवातीच्या डॅगेरोटाइपमध्ये, म्हणजे चांदीचा मुलामा दिलेल्या पत्र्यावरील छायाचित्रात, चित्र मुळातच उलटे येई, त्यामुळे तेथे आरसा ते सुलटे करी. फिल्मच्या बाबतीत एन्लार्जरमध्ये (चित्र मोठे करून कागदावर उतरवणाऱ्या यंत्रात) निगेटिव्ह उलटवून लावली की प्रिंट सुलटी मिळते. मात्र आपल्या ओळखीचा आपला चेहरा आरशातलाच असल्यामुळे निगेटिव्ह न उलटवणे मला अधिक योग्य वाटते.