मऊ देह आणि क्ष-किरण: शंखापासून आतल्या जिवापर्यंत

विल्हेल्म राँटगेन यांनी 1895 साली पत्नीच्या हाताचे क्ष-किरण छायाचित्र घेतले, त्यात हाडे उठून दिसली आणि मांस जेमतेम सावलीपुरते उमटले. गांडूळ, गोगलगाय, माखूल यांच्या अभ्यासकांची अडचण नेमकी हीच होती. पदार्थाचा अणुअंक जितका मोठा, तितके तो क्ष-किरण जास्त शोषतो. हाडात कॅल्शियम असते. मऊ देह मुख्यतः कार्बन, हायड्रोजन, ऑक्सिजन आणि नायट्रोजनचा, त्यामुळे किरण त्यातून जवळपास न अडता आरपार जातात.

म्हणून या प्राण्यांचे अंतरंग पाहायचे तर सुरी चालवावीच लागे. नमुना मेणात बसवायचा, मायक्रोटोम या काप काढण्याच्या यंत्रावर त्याचे शेकडो पातळ काप काढायचे, एकेक काप रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचा आणि त्यांवरून मूळ आकार पुन्हा उभा करायचा. एकोणिसाव्या शतकात हे काम मेणाच्या पत्र्यांचे थर रचूनही होई. या पद्धतीने दिलेले ज्ञान अफाट आहे, पण नमुना मात्र कायमचा जातो. जगात एकच प्रत असलेल्या जातीच्या बाबतीत ही किंमत मला फार मोठी वाटते.

अनेक कोनांतून घेतलेल्या क्ष-किरण प्रतिमा संगणकाने जोडून आतला आकार दाखवणारे रुग्णालयांतले सीटी स्कॅन 1970च्या दशकात आले. 1982 साली इलियट आणि डोव्हर यांनी तेच तत्त्व सूक्ष्म पातळीवर नेले आणि सुमारे 12 मायक्रोमीटर बारकाव्याची प्रतिमा मिळवली. त्यांचा नमुना गोड्या पाण्यातल्या गोगलगायीचा होता, पण त्यातही दिसला तो चुन्याचा शंखच. पुढची बरीच वर्षे हे सूक्ष्म सीटी, म्हणजे मायक्रो-सीटी, हाडे, दात आणि शंखांतच रमले.

कोंडी फोडण्यात मोठा वाटा साध्या रंगद्रव्यांचा आहे. व्हिएन्नातले ब्रायन मेट्शर यांनी 2009 साली दाखवले, की आयोडीन किंवा फॉस्फोटंगस्टिक आम्लात भिजवलेल्या मऊ ऊती प्रयोगशाळेतल्या नेहमीच्या यंत्रातही स्पष्ट दिसतात. आयोडीनचा अणुअंक 53, टंगस्टनचा 74. ते ऊतींत कमी-अधिक मुरतात आणि स्नायू, चेतातंतू, आतडे वेगवेगळे ओळखू येतात. सिंक्रोट्रॉन या अतिप्रखर क्ष-किरण देणाऱ्या महाकाय यंत्रावरच्या कला-भेद प्रतिमांनी (किरण किती शोषले गेले यापेक्षा त्यांच्या लहरी किती सरकल्या यावरून काढलेल्या) रंगाशिवायही असा भेद दाखवता येतो, पण तिथे वेळ मिळणे सगळ्यांच्या आवाक्यातले नाही. आयोडीनची बाटली कोणालाही परवडते.

यानंतर समुद्री वलयी कृमी, गांडुळे, मृदुकाय प्राणी यांचे अंतरंग न कापता नोंदले जाऊ लागले. उत्तर प्रशांत महासागरात 4 किलोमीटरपेक्षा जास्त खोलीवर 2016 साली मिळालेल्या एका ‘डंबो’ ऑक्टोपसच्या नव्या जातीचे वर्णन 2021 साली प्रसिद्ध झाले. त्यासाठी एमआरआय आणि मायक्रो-सीटी वापरले गेले, जनुकीय तपासणीपुरता ऊतीचा छोटासा तुकडा घेतला गेला. ग्रिम्पोट्यूथिस इम्परेटर असे तिचे नाव.

तरीही ‘नमुन्याला धक्का न लावता’ हे शब्द जपूनच वापरायला हवेत. तीव्र आयोडीनमध्ये ऊती आकसतात, त्यामुळे त्या प्रतिमेवरून घेतलेली मापे जशीच्या तशी धरता येत नाहीत. आयोडीन नंतर बरेचसे धुऊन काढता येते, पण फॉस्फोटंगस्टिक आम्ल प्रथिनांना घट्ट धरून बसते. मूळ संदर्भ-नमुना, म्हणजे ज्यावरून जातीचे पहिले वर्णन झाले तो नमुना, रंगवण्याआधी ही गोष्ट लक्षात घ्यावीच लागते.