उपाशी माणसे पाककृती का वाचतात?

अन्नाशी मैत्री करायला शिकवणारे पुस्तक कुणाच्या हातात दिसले की एक शेरा हमखास ऐकू येतो: "म्हणजे हवे ते खायला मोकळे! ज्यांना निग्रह जमत नाही त्यांच्यासाठी असतात ही पुस्तके." हा शेरा मला फार खटकतो. भूक ही मनाची खोड आहे आणि दटावले की ती गप्प बसते, हे त्यात धरूनच चाललेले असते. ते चूक आहे हे दाखवणारा पुरावा ऐंशी वर्षांपासून आपल्यापुढे आहे.

अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात अॅन्सेल कीज या शास्त्रज्ञाने नोव्हेंबर १९४४ मध्ये ३६ तरुणांवर एक प्रयोग सुरू केला. युद्धात शस्त्र उचलायला नकार दिलेली ही मंडळी आपणहून आली होती. उपासमारीने खंगलेल्यांना पुन्हा कसे खाऊ घालायचे, हे त्यातून कळणार होते. २४ आठवडे त्यांना दिवसाला साधारण १,६०० कॅलरी मिळत. आजचे कित्येक डाएटचे तक्ते याहूनही कमी देतात! वजन सुमारे पाव हिश्शाने उतरले, पण डोक्यात अन्नावाचून दुसरे काही उरेना. पुढ्यातला घास तासभर पुरवायचा, ताटली चाटून लख्ख करायची, दिवसभर च्युइंगम चघळायचे. काहीजण तर पाककृतींची पुस्तके जमवून ती कादंबरीसारखी वाचू लागले. तत्त्वासाठी सरकारला नाही म्हणणाऱ्या माणसांचा निग्रह कच्चा होता असे कोण म्हणेल?

त्यांच्या शरीरात काय चालले होते, हे समजायला आणखी पन्नास वर्षे जावी लागली. १९९४ मध्ये जेफ्री फ्रीडमन यांच्या गटाने लेप्टिनचे जनुक शोधले. लेप्टिन हे चरबीच्या पेशींतून रक्तात येणारे संप्रेरक आहे. साठा किती आहे, याचा निरोप ते मेंदूतल्या हायपोथॅलॅमसला पोचवते. खाणे तोडले की चरबी घटण्याच्या कितीतरी आधी लेप्टिन घसरते, म्हणजे साठा शिल्लक असतानाच मेंदूला दुष्काळाची वर्दी जाते.

वर्दी पोचते ती 'एजीआरपी' नावाच्या चेतापेशींच्या एका छोट्या पुंजक्यात. मला शरीरशास्त्रात याहून सुंदर काही माहीत नाही. लेप्टिन या पेशींना दाबून ठेवते. ते घटले की त्या जाग्या होतात आणि एकाच वेळी दोन कामे करतात. शेजारच्या, तृप्तीचा संदेश देणाऱ्या 'पॉम्क' पेशींना त्या थेट गप्प करतात. शिवाय तृप्तीचा संदेश जिथे पोचायचा त्या 'एमसी४' ग्राहकांवर, म्हणजे पेशींवरच्या निरोप झेलणाऱ्या जागांवर, स्वतःचे प्रथिन बसवून तिथली वाटही अडवतात. पोट भरलेल्या उंदरात या पेशी प्रकाशाने चेतवल्या, तर तो काही मिनिटांत अधाशासारखा खायला लागतो. २०१५ मध्ये आणखी एक नवल दिसले. भुकेल्या उंदराला अन्न नुसते दिसले किंवा त्याचा वास आला, की पहिला घास घेण्याआधीच या पेशी शांत होतात. अन्न समोरून काढून घेतले की पुन्हा खवळतात. पाककृतीच्या पानांवर खिळलेल्या त्या तरुणांच्या मेंदूत नेमके काय घडत होते ते कुणी मोजलेले नाही, पण हे वाचताना मला तेच आठवतात.

ही वर्दी लवकर मागेही घेतली जात नाही. २०११ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी वजन उतरवलेल्या लोकांची संप्रेरके वर्षभराने तपासली, तेव्हाही ती भूक वाढवण्याकडेच झुकलेली होती.

एव्हलिन ट्रिबोली आणि एलिस रेश या दोन आहारतज्ज्ञांचे 'इंट्युइटिव्ह ईटिंग' हे पुस्तक १९९५ मध्ये आले. त्यातल्या दहा तत्त्वांपैकी पहिले म्हणजे डाएटची मनोवृत्ती सोडा, आणि दुसरे म्हणजे भुकेचा मान राखा. प्रयोगशाळेत लेप्टिनचा नुकताच शोध लागत होता, तेव्हा या दोघींनी समोर येणाऱ्या माणसांकडे पाहून हे लिहिले. कडकडून भूक लागेपर्यंत थांबू नका, या त्यांच्या सल्ल्याला लाड म्हणणाऱ्यांनी एजीआरपी पेशी एकदा समजून घ्याव्यात.

या विषयावरचे प्रत्येकच पुस्तक विश्वासाचे नसते. ताटाच्या आकाराने खाणे कसे बदलते हे सांगून गाजलेले ब्रायन वॉन्सिंक यांचे संशोधन २०१८ मध्ये त्यांच्याच विद्यापीठाने गैरप्रकाराचे ठरवले, आणि त्यांचे डझनभराहून अधिक निबंध मागे घेतले गेले. 'शरीरातली घाण काढून टाका' म्हणणारी पुस्तके तर मी बिनदिक्कत मिटून ठेवते. ते काम यकृत आणि मूत्रपिंडे रोजच करत असतात. उलट बाजूनेही अतिशयोक्ती होते: भुकेचे ऐकले की वजन आपोआप उतरेल, हे वचन या पद्धतीच्या अभ्यासांतून सिद्ध झालेले नाही. त्यांत दिसतो तो मुख्यतः स्वतःच्या शरीराकडे पाहण्याच्या दृष्टीशी आणि अधाशी खाणे कमी असण्याशी संबंध. अॅनोरेक्सियासारख्या, माणूस स्वतःला उपाशी ठेवत जातो अशा आजारात तर भुकेच्या इशाऱ्यांवर विसंबताच येत नाही. तिथे आधी डॉक्टर हवा.

मिनेसोटातल्या तरुणांना पुन्हा पोटभर मिळू लागले तेव्हा कित्येकजण पोटाला तडस लागेपर्यंत खात आणि तरी भुकेलेच उठत. हे काही महिने चालले. डाएट सोडल्यावर पहिल्याच आठवड्यात "माझा ताबाच सुटला" म्हणून पुस्तक फेकून देणाऱ्या वाचकाला हे महिने कुणीतरी आधी सांगायला हवेत.