लॅपटॉपमधील वाय-फाय अडॅप्टरचे बिघाड

वाय-फाय अडॅप्टर हे लॅपटॉपमधले २२ × ३० मिलिमीटरचे छोटे कार्ड. त्यावर दोन बारीक अँटेना वायरी टिचबटणासारख्या दाबून बसवलेल्या असतात. काही पातळ लॅपटॉपमध्ये मात्र ते मदरबोर्डलाच डाखलेले असते, बदलता येत नाही.

नेट गेले की लोक आधी ड्रायव्हरच्या, म्हणजे कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या मागे लागतात. त्याआधी फोन त्याच राउटरला जोडून पाहावा. फोनही अडला तर अडॅप्टर निर्दोष. पुण्यात गुरुवारी देखभालीसाठी वीज गेली असेल, तर ती आल्यावर राउटरला दोन-तीन मिनिटे द्यावीत.

फोन चालतो आणि लॅपटॉप अडतो, तेव्हा विंडोजचे डिव्हाइस मॅनेजर, म्हणजे उपकरणांची यादी उघडावी. पिवळ्या उद्गारचिन्हासोबत कोड १० असेल तर उपकरण सुरूच होत नाही. लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावरचा ड्रायव्हर घालावा. कार्ड यादीतून गायब असेल, तर लॅपटॉप बंद करून चार्जर काढावा आणि पॉवर बटण ३० सेकंद दाबून धरावे. आत उरलेली वीज निघून गेली की अडकलेले कार्ड पुष्कळदा परत दिसते. झाकण मिटून उघडल्यावरच नेट जात असेल, तर याच यादीत कार्डाच्या पॉवर मॅनेजमेंटमधली ‘वीज वाचवण्यासाठी उपकरण बंद करू द्या’ या अर्थाची खूण काढावी.

जोडणी दिसते, पण लॅपटॉपचा आयपी पत्ता (नेटवर्कवरचा त्याचा क्रमांक) १६९.२५४ने सुरू होतो: राउटरकडून पत्ता मिळालेला नाही. आधी राउटर रीस्टार्ट करावा. नेटवर्क रीसेट शेवटी. त्यात साठवलेले पासवर्ड पुसले जातात.

राउटरजवळ सिग्नल बरा आणि शेजारच्या खोलीत एकच काडी, हे अँटेनाची वायर निसटल्याचे लक्षण असू शकते. पेठांतल्या जुन्या वाड्यात मात्र आधी भिंतीवर संशय घ्यावा. जाड भिंतीतून राउटरचा ५ गिगाहर्ट्झचा सिग्नल फारसा पार होत नाही, तिथे २.४चा बरा. सोसायटीत उलट: २.४मध्ये एकमेकांवर न चढणारे चॅनल १, ६ आणि ११ एवढेच, आणि त्यांवर सगळ्या मजल्यांची गर्दी.

कार्ड बदलायचे तर तपकीर गल्लीत, म्हणजे पुण्याच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात जाण्यापूर्वी प्रोसेसर पाहावा. इंटेलचे एएक्स २०१ दिसायला एएक्स २००सारखेच, पण ते इंटेलच्या ठरावीक प्रोसेसरांबरोबरच चालते. एएमडीच्या लॅपटॉपमध्ये ते खाचेत बसते, स्क्रूही लागतो, विंडोजला मात्र दिसत नाही. तिथे एएक्स २०० किंवा एएक्स २१० घ्यावे.