पांढरा चहा

पांढरा चहा : चहाच्या झुडपाचे कोवळे कोंब आणि त्यांच्या लगतची पाने खुडून, ती न भाजता, न वाफवता, न मळता, नुसती कोमेजवून आणि वाळवून तयार केलेला चहा. हिरवा, काळा आणि पांढरा हे तिन्ही चहा कॅमेलिया सायनेन्सिस या एकाच झुडपाचे; फरक पडतो तो खुडणीनंतरच्या हाताळणीने. मिटलेल्या कोवळ्या कोंबावर दाट रुपेरी लव असते आणि वाळल्यावरही ती तशीच राहते, म्हणून हा चहा ‘पांढरा’. कपातला अर्क पांढरा नसतो. तो फिक्या जर्दाळू रंगाचा असतो.

कोकणात या नावाने गोंधळ होतो. दुधाशिवायचा तो ‘कोरा चहा’ हे इथे घरोघरी ठाऊक असल्यामुळे ‘पांढरा’ म्हटले की दुधाचा चहा असावा असे ऐकणाऱ्याला सहज वाटते. परसातला गवती चहा, म्हणजे पातीचा चहा, तर मुळात चहाच नव्हे. ते सुवासिक गवत आहे.

पांढरा चहा करणे म्हणजे एक प्रकारचे वाळवण घालणे. ताज्या कोंबात वजनाच्या सुमारे तीन चतुर्थांश पाणी असते. खुडलेला माल बांबूच्या पसरट ताटांवर एकेरी थरात, एकावर एक न येऊ देता पसरतात आणि दीड ते तीन दिवस उन्हात किंवा हवेशीर खोलीत कोमेजू देतात. काळ्या चहात पाने मळून पेशी फोडतात, त्यामुळे ऑक्सिडीभवन, म्हणजे हवेतल्या ऑक्सिजनने पान काळवंडणे, जोरात होते. हिरव्या चहात पानांना लगेच उष्णता देऊन ते थांबवतात. इथे यातले काहीच करत नाहीत. पाणी जाता जाता जेवढे ऑक्सिडीभवन आपोआप होते तेवढेच होऊ देतात आणि शेवटी मंद आचेवर उरलेला ओलावा काढतात. कृती वाचायला सोपी वाटते, पण सगळा भार हवामानावर असतो. माल फार लवकर वाळला तर चहाला कच्च्या गवताचा वास राहतो; फार रेंगाळला तर कोंब काळवंडतात. चीनमधल्या फुडिंग या पांढऱ्या चहाच्या गावच्या कारागिरांना उत्तरेचा कोरडा वारा हवा असतो. समुद्रावरून येणारा दक्षिणेचा दमट वारा त्यांना नको असतो. आमसुले घालणाऱ्या कोकणी बाईला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. रसात बुडवलेली सोले मे महिन्यात खळ्यात पसरावीत आणि वर मळभ यावे, म्हणजे काय होते हे तिने पाहिलेले असते. पांढऱ्या चहाची कारागिरी समजून घ्यायला याहून जवळचे उदाहरण सापडणार नाही.

या चहाचे मूळ चीनच्या फुजियान प्रांतात आहे. सोंग घराण्याच्या काळातला सम्राट हुइझोंग याने बाराव्या शतकाच्या आरंभी चहावर लिहिलेल्या ग्रंथात पांढऱ्या चहाची थोरवी गायली आहे. मात्र तो चहा फिकट पानांच्या दुर्मीळ झाडांचा होता; तो वाफवून, दाबून वड्या करून, पूड करून प्यायचा. त्यावरून आजच्या पांढऱ्या चहाला हजार वर्षांचा इतिहास जोडणे बरोबर नाही. आजच्या पद्धतीचा चहा अठराव्या शतकाच्या अखेरीस स्थानिक झाडांच्या बारीक कोंबांपासून होऊ लागला असे मानतात. खरे वळण लागले ते एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. फुडिंगमध्ये ‘दा बाय’, म्हणजे ‘मोठा पांढरा’, ही टपोऱ्या, लवदार कोंबांची जात १८५७ च्या सुमारास निवडली गेली आणि १८८५-८६ च्या सुमारास तिच्यापासून रुपेरी सुयांसारखा चहा होऊ लागला. फुजियानमधल्याच झेंगहे भागाची स्वतःची दा बाय जात आहे. २०२२ साली युनेस्कोने चीनच्या पारंपरिक चहाप्रक्रियेला अमूर्त वारशाच्या यादीत घेतले, त्यात फुडिंगच्या पांढऱ्या चहाचाही समावेश आहे.

प्रकार ठरतात ते काय खुडले यावरून. ‘बाय हाओ यिन चेन’, म्हणजे रुपेरी सुई, फक्त कोंबांचा असतो. वसंतातल्या पहिल्या खुडणीचा हा चहा सर्वांत महाग. ‘बाय मु दान’ एक कोंब आणि एक-दोन पानांचा. तो १९२२ च्या सुमारास जियानयांगच्या शुइजी भागात सुरू झाला. रोज पिण्यासाठी माझी निवड हीच, कारण सुईचा नाजूकपणा आणि पानाचा भरदारपणा दोन्ही त्यात मिळतात. ‘गोंग मेइ’ स्थानिक जुन्या झाडांचा आणि ‘शोउ मेइ’ मोठ्या पानांचा, देठांसकट. शोउ मेइ दिसायला पालापाचोळा वाटतो, पण काही वर्षे ठेवून मुरल्यावर त्याला खारकेसारखी गोडी येते. १९६८ मध्ये फुडिंगमध्ये पाने हलकी मळण्याची नवी पद्धतही निघाली. तो चहा गडद उतरतो. चीनमधल्याच आनजी भागाचा ‘पांढरा’ चहा मात्र नावापुरता पांढरा. त्याची पाने फिकट असतात, पण प्रक्रिया हिरव्या चहाची आहे.

चीनबाहेर दार्जिलिंग, निलगिरी आणि श्रीलंकेत पांढरा चहा होतो. निलगिरी म्हणजे सह्याद्रीच्याच रांगेचा दक्षिणेकडचा भाग, तेव्हा कोकणात हा चहा का पिकत नाही, हा प्रश्न रास्त आहे. जांभ्याची आम्लधर्मी माती चहाला मानवते. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. अडचण पावसाच्या वाटणीची आहे. तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरात कोसळतो आणि पुढचे सात-आठ महिने जमीन कोरडी राहते. चहाला वर्षभर अधूनमधून पाणी लागते. म्हणून कोकणात त्याची व्यापारी लागवड नाही.

गुणवत्ता पाहायची तर चिमूटभर चहा पांढऱ्या बशीत पसरावा. चांगल्या सुईचा कोंब टपोरा, दीड-दोन सेंटिमीटरहून लांब आणि सरळ असतो. बोटावर घेतला की लव मखमलीसारखी लागते आणि तिचा बारीक रुपेरी भुगा बोटाला चिकटतो. रंग रुपेरी-करडा, आत हिरवट झाक. तांबूस किंवा काळे कोंब दिसले तर कोमेजवणी बिघडली असे समजावे. बाय मु दानचे पान राखट हिरवे आणि पाठीवर पांढुरके हवे. देठ दोन बोटांत वाकवला की कट्‌कन मोडला पाहिजे. नुसता वाकला तर चहा सादळलेला आहे. ‘जुना’ म्हणून विकला जाणारा चहा सगळा एकसारखा काळपट असेल तर तो ओल आणि उष्णता देऊन घाईने म्हातारा केलेला असण्याचा संभव असतो.

किनाऱ्यावर खरी परीक्षा साठवणुकीची. चिनी मानकानुसार पांढऱ्या चहात ओलावा ८.५ टक्क्यांपेक्षा जास्त नसावा. आषाढात पोहे, पापड, मीठ सगळे सादळते, तिथे हा न मळलेला, सच्छिद्र, लवदार चहा हवेतली ओल आणि वास दोन्ही झटकन ओढतो. एका पावसाळ्यात मी बाय मु दानचे अर्धे पाकीट चिमटा लावून स्वयंपाकघरातल्या फळीवर ठेवले होते. खालच्या फळीवर सुकटीचा डबा होता. पंधरा दिवसांनी चहा हाताला मऊ लागला आणि कपातून वास आला तो सुकटीचा. उरलेला अर्धा चहा आतून कोरड्या स्टीलच्या डब्यात, घट्ट झाकणाखाली, माजघरातल्या कपाटात होता. तो गणपतीपर्यंत खणखणीत राहिला. तेव्हा मसाला, सुकी मासळी, काजू, अगरबत्ती यांच्यापासून चहा लांब ठेवावा, मोठा साठा लहान डब्यांत विभागावा आणि पावसाची झड लागलेली असताना मोठा डबा उघडू नये. फ्रिजमधून काढलेला डबा गार असताना उघडला की आत पाणी धरते, म्हणून तोही सोपा उपाय नव्हे.

पाणी मचूळ असेल तर चहा वायाच जातो. किनाऱ्यालगतच्या विहिरींना एप्रिल-मेमध्ये अशी मचूळ चव येते. जांभ्यातल्या विहिरीचे गोडे पाणी हलके असते आणि या चहाला ते छान मानवते. दीडशे मिलिलिटर पाण्याला दोन-तीन ग्रॅम चहा घ्यावा. पाणी उकळून जरा निवल्यावर, ८० ते ९० अंशांवर, ओतावे आणि तीन-चार मिनिटे झाकून ठेवावे. तीच पाने आणखी दोनदा चालतात. आले, गवती चहा, दूध यांतले काही घातले की पांढऱ्या चहाचे काही शिल्लक राहत नाही. या चहात कॅफीन नगण्य असते हा समजही खरा नाही. कोवळ्या कोंबात कॅफीन भरपूर असते, त्यामुळे झोपेची तक्रार असणाऱ्याने तो रात्री टाळावा. जुना शोउ मेइ मात्र चीनमध्येही किटलीत घालून मंद आचेवर उकळतात, आणि चुलीवर आधण ठेवणाऱ्या कोकणी घराला हाच प्रकार सर्वांत सहज जमेल.