संपादन-वाद व त्यांचा निपटारा (मराठी विकिपीडिया : मराठवाडाविषयक लेख)

संपादन-वाद म्हणजे मुक्त ज्ञानकोशातील एखाद्या लेखाच्या मजकुरावरून स्वयंसेवी संपादकांत होणारा झगडा. मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी सुरू झाला. केतकरांचा ज्ञानकोश किंवा मराठी विश्वकोश यांत नोंदीवर शेवटचा हात संपादकाचा असे, आणि वाद झालाच तर तो कचेरीच्या चार भिंतींत मिटे. येथे शेवटचा हात कुणाचाच नसतो. पान कोणीही बदलतो, बदललेले कोणीही उलटवतो आणि ही सगळी ओढाताण ‘इतिहास’ या दुव्याखाली तारीखवेळेसह उघडी राहते.

मराठवाड्याविषयीच्या लेखांत अशा वादाला खाद्य भरपूर आहे, कारण इथल्या गावांना दोन-तीन नावे आहेत आणि इथल्या संतांना, देवस्थानांना दोन-तीन दावेदार.

ठिणगी बहुधा बारीक असते. अंबाजोगाई की अंबेजोगाई? एक जण काना काढून मात्रा देतो, दुसरा मात्रा पुसून काना परत आणतो. इतिहासाच्या पानावर वाढलेले बाइट हिरव्या आणि घटलेले लाल आकड्यांत दिसतात. पण काना आणि मात्रा दोन्ही तीन-तीन बाइटांच्या, त्यामुळे या बदलापुढे नुसते शून्य उमटते. ‘अलीकडील बदल’ चाळणाऱ्याला ते शून्य दिसतच नाही म्हटले तरी चालेल. निजामाच्या काळातले ‘मोमिनाबाद’ हे तिसरे नाव अजून यात आलेलेच नाही.

एकदा उलटवले म्हणजे वाद झाला असे नाही. बदल करावा, कुणी उलटवला तर पुन्हा न रेटता लेखाच्या चर्चापानावर यावे, कारण सांगावे आणि खाली चार नागमोडी रेघांनी सही करावी, अशी रीत आहे. ती मोडून दोघेही उलटवत राहिले की त्याला संपादन-युद्ध म्हणतात. इंग्रजी विकिपीडियावर २४ तासांत एकाच पानावर तीनपेक्षा जास्त वेळा उलटवणाऱ्यावर बंदी येऊ शकते. चर्चापानावर मिटले नाही तर तिसऱ्याचे मत, तिथेही नाही तर ‘चावडी’ हे सामायिक पान. प्रचालक, म्हणजे जादा अधिकार दिलेला सदस्य, पान काही काळ सुरक्षित करून ठेवतो, तेही बरोबर मजकूर ठरवायला नव्हे, हात थांबवायला. त्यामुळे नेमकी ‘चुकीची’ आवृत्ती गोठली अशी तक्रार हमखास होते. इंग्रजीत २००४पासून लवाद समिती आहे. मराठीत ती नाही. ‘कौल’ घेतात, पण त्यात हात मोजण्यापेक्षा कारणे तोलणे अपेक्षित असते.

चावडी हे नाव चपखल खरे, तरी एक फरक राहतो. गावच्या चावडीवर कोण कुणाच्या भावकीतला हे सगळ्यांना ठाऊक असते. या चावडीवर समोरचा कधी टोपणनाव असतो, तर कधी निनावीच. त्यात प्रचालक मोजकेच. लेखावर आधी हात फिरवलेला माणूसच पुढे निवाड्याला बसण्याचा धोका लहान समाजात कायम असतो, आणि इंग्रजीतून आणलेले नियम त्यावर फारसे उपयोगी पडत नाहीत.

तरीही बरेच वाद सुटतात. कोण बरोबर हे ठरते म्हणून नव्हे, तर दोघांनाही सोसवेल असे वाक्य सापडते म्हणून. मुकुंदराजांचे उदाहरण घेण्यासारखे आहे. ‘विवेकसिंधु’चा काळ शके १११०, म्हणजे इ. स. ११८८ सांगितला जातो. अंबाजोगाईत त्यांची समाधी दाखवतात. विदर्भातही वैनगंगेकाठचे आंभोरा हे त्यांचे स्थान मानणारे आहेत. ‘मुकुंदराज अंबाजोगाईचे’ असे लिहिले की आंभोऱ्याचा संपादक ते खोडणार, हे ठरलेले. ‘अमुक अभ्यासक अंबाजोगाई मानतात, तमुक आंभोरा’ असे नावानिशी आणि संदर्भासह लिहिले की खोडायला काही उरत नाही. परळी आणि झारखंडातील देवघर या दोन्ही ठिकाणच्या वैद्यनाथांना, तसेच औंढा आणि द्वारकेजवळच्या नागेश्वराला हीच तोड लागते. ज्योतिर्लिंग कुठले खरे, हा ज्ञानकोशाचा प्रश्नच नव्हे.

आकड्यांचेही तसेच. ३० सप्टेंबर १९९३च्या किल्लारी भूकंपातील मृतांची संख्या एका ठिकाणी ७,९२८ मिळते, दुसऱ्या ठिकाणी ९,७४८. दोन्ही संदर्भासह द्यावेत. मधला आकडा काढून ‘सुमारे ८,८००’ लिहिणारा समजूतदार वाटतो खरा, पण तो कुणीच न दिलेला आकडा ज्ञानकोशात घुसवत असतो.

नामांतराच्या वादाला यापेक्षा चांगली वाट आहे : नाव काळाप्रमाणे लावणे. मलिक अंबरने १६१०मध्ये शहर वसवले तेव्हा ते खडकी होते, पुढे औरंगाबाद झाले आणि फेब्रुवारी २०२३मध्ये केंद्राच्या मान्यतेनंतर छत्रपती संभाजीनगर. १९६० साली तिथे जन्मलेल्या माणसाच्या लेखात ‘औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर)’ लिहिले की बहुतेकांचे समाधान होते. १९८५च्या पदवीपुढे ‘मराठवाडा विद्यापीठ’ हेच बरोबर, कारण नामविस्तार १४ जानेवारी १९९४चा. इंग्रजी विकिपीडियावर २००५मध्ये पोलंडमधील ग्दान्स्क शहरावरून असाच वाद मतदानाला गेला आणि १३०८ ते १९४५ या काळासाठी ‘डान्झिग’, एरवी ‘ग्दान्स्क’ असे ठरले. १७ सप्टेंबर १९४८ला ‘मुक्ती’ म्हणावे की ‘पोलीस कारवाई’, हे मात्र तारखांनी सुटत नाही. तिथे दोन्ही शब्द कोण वापरते ते सांगूनच पुढे जावे लागते.

सर्वांत अवघड वाद पुराव्याचा. देवळापासून दहा पावलांवर राहणारा माणूस लिहितो, ‘शिलालेख मी स्वतः वाचला आहे.’ पुण्यातला संपादक छापील पुस्तक दाखवतो, आणि नियमाने जिंकतो तो पुण्याचा. स्वतःचे वाचन हे मूळ संशोधन ठरते; आधी ते कुठेतरी छापून यावे लागते. मराठवाड्यासारख्या भागात, जिथे कितीतरी माहिती जत्रेच्या स्मरणिकेत, जुन्या स्थानिक दैनिकांत नाहीतर निजामकालीन उर्दू दप्तरात पडून आहे, हा नियम अन्यायाचा वाटतो आणि काही प्रमाणात तो आहेही. पण तो काढला तर मुकुंदराज प्रत्येक गावचे होतील. अशा वेळी शिलालेखाचा फोटो कॉमन्सवर, म्हणजे विकिपीडियाच्या सामायिक चित्रसाठ्यावर, चढवावा. त्याच्या वाचनाचा वाद सुटत नाही, पण शिलालेख आहे की नाही हा वाद तेवढ्यापुरता तरी मिटतो.

मिटलेली चर्चा विदागारात, म्हणजे जुन्या चर्चांच्या साठ्यात, जाते आणि मागे पडलेले नाव पुनर्निर्देशन म्हणून राहते, म्हणजे शोधणारा जुन्या नावानेही योग्य पानावर पोचतो. वर्षभराने नवा सदस्य येतो, विदागार न वाचताच काना काढून मात्रा देतो आणि इतिहासात पुन्हा एक शून्य उमटते.